पाईकाचे ऋण

गळ्यात तुळशीची माळ आहे, त्याने हातात बंदूक धरावी काय? आणि धरली, तर ती खाली ठेवून तो घरी परतल्यावर आपण त्याचे काय देणे लागतो? हे दोन प्रश्न आमच्या जवळा बाजारच्या मुलखात हल्ली वारंवार निघतात. पहाटे काकड्याला निघावे तर रस्त्याच्या कडेने पोरे धापा टाकीत पळताना दिसतात. कोणी पोलीसभरतीसाठी पळतो, कोणी पलटणीसाठी. त्यांतली कित्येक पोरे वारीच्या घरची. सप्ताहाच्या मांडवात अशाच एका पोराच्या आईने विचारले, "महाराज, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून आम्ही खाली बघून चालतो, अन् पोटचं पोर माणसं मारायला धाडायचं का?" शेजारचे एक म्हातारबुवा लगेच म्हणाले, "माय, ते राहू दे. चार वर्षांनी परत आल्यावर त्याला कामधंदा कोण देणार ते विचार." मांडवात लोक हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. पहिला प्रश्न परमार्थाचा आणि दुसरा प्रपंचाचा, असे समजून आपण ते दोन वेगळ्या गाठोड्यांत बांधतो. खरे पाहता दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्याच पोटात आहे. तेच येथे मांडावयाचे आहे.

अहिंसा हा आपला धर्म आहे, यात वाद नाही. भूतमात्रात विठ्ठल पाहणाऱ्याने कोणाचा जीव घ्यावा, ही गोष्ट अंगावर काटा आणणारीच आहे, आणि ज्याच्या अंगावर तो काटा येत नाही त्याने शस्त्र हाती धरूच नये. परंतु गीता सांगितली गेली ती रणांगणावर, हेही आपण विसरू नये. अर्जुनाने धनुष्य टाकले तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. ज्ञानोबारायांनी त्या पाण्याला दया म्हटले नाही, मोह म्हटले. का बरे? समोर आजोबा, गुरू, भाऊबंद उभे होते म्हणून त्याचे हात कापले. परके उभे असते तर ते कापले नसते. दया आपला-परका पाहत नाही. जी पाहते ती माया. म्हणजे शस्त्र टाकणारा प्रत्येक जण अहिंसक असतो असे नाही, आणि शस्त्र धरणारा प्रत्येक जण हिंसक असतो असेही नाही. आत काय आहे ते पाहिले पाहिजे.

तुकोबारायांनी तर पाईकावर वेगळे अभंगच केले. पाईक म्हणजे पायदळातला साधा शिपाई. सरदार नव्हे, जहागीरदार नव्हे. भाकरी पाठीशी बांधून पायी चालणारा. कीर्तनात आपण स्वतःला विठोबाचे पाईक म्हणवून घेतो ते उगीच नव्हे. शिपाईगिरी मुळातच नीच असती, तर तो शब्द भक्तासाठी कोणी वापरलाच नसता. पाईकाचा मोठेपणा तो किती मारतो यावर ठरत नाही. जिवाची आशा सोडून तो दुसऱ्यांच्या पुढे उभा राहतो, म्हणून तो पाईक. संकट गावावर यायच्या आधी त्याच्या अंगावर येते.

वारकऱ्यांना याचा दाखला दूर शोधावयास नको. आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. ज्ञानोबारायांच्या पालखीचा सोहळा आज ज्या थाटाने चालतो, दिंड्यांचे क्रम, मुक्काम, अश्व, तंबू, सगळे वेळेवर आणि जागच्या जागी, त्याची घडी या हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास घातली. हे आरफळकर पवार कोण होते? ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी शिपाईगिरी केलेले गृहस्थ. आजच्या भाषेत म्हणावयाचे तर माजी सैनिक! लष्करातली शिस्त त्यांनी देवाच्या दारी आणून वाहिली. आज लाखो लोक त्या शिस्तीत चालतात आणि कोणाला ती कवायत वाटत नाही. तेव्हा शिपायाने देवाचे काय केले असे कोणी विचारले, तर त्याला आळंदीची वाट दाखवावी.

आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यातच नर्सी आहे, नामदेवरायांचे गाव. त्यांची ६१ पदे शीख बांधवांच्या ग्रंथसाहेबात आहेत. शीख पलटणीतला जवान आपल्या गुरुद्वारात ज्या ग्रंथापुढे माथा टेकतो, त्यात आपल्या नर्सीच्या नामदेवांची वाणी आहे. येथून जवळच नांदेडला गुरू गोविंदसिंगांची समाधी आहे, आणि संत व शिपाई एकाच माणसात नांदू शकतात ही त्यांच्या पंथाची शिकवणच आहे.

आता एका दुसऱ्या नामदेवाची गोष्ट. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले शिपाई. दुसऱ्या महायुद्धात ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी त्यांच्या तुकडीची दाणादाण उडाली. दोघे सोबती जखमी होऊन पडले. नामदेवांनी गोळ्यांच्या वर्षावात एकाला पाठीवर घेतले, पाणी आणि सुरुंग पेरलेला काठ ओलांडून सुरक्षित जागी पोचविले, आणि ते पुन्हा मागे जाऊन दुसऱ्यालाही घेऊन आले. त्यानंतर मग ते शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. हात जखमी झाला, बंदूक धरता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकून त्यांनी त्या जागा बंद पाडल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते युद्ध परक्या राजाचे होते, हे खरे. परंतु क्रम पाहा. आधी दोन जीव वाचविले, मग शस्त्र चालविले. एकाच माणसाने, एकाच दिवशी, त्याच दोन हातांनी. यात हिंसा कोठे संपते आणि दया कोठे सुरू होते, हे आम्हाला तरी रेघ ओढून सांगता येणार नाही.

तर मग ज्याच्या हाती शस्त्र तो धर्मवीर, असे समजावे काय? मुळीच नाही. हे आपल्या मराठवाड्याइतके कोणाला ठाऊक? आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी हत्यारबंद माणसांचे दोन्ही अवतार पाहिले. एक रझाकारांचा. गावे लुटणारा, बायामाणसांना रानात पळावयास लावणारा. दुसरा १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात शिरलेल्या भारतीय फौजेचा, जिच्यापुढे निजामाने १७ सप्टेंबरला हत्यार ठेवले. त्याआधी कित्येक महिने सरहद्दीवरच्या कॅम्पांतून आपलीच पोरे लढत होती. वसमतला हुतात्मा बहिर्जींचे नाव शिक्षणसंस्थेला आहे ते त्याच आठवणीने. आणि सगळेच सांगावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, विजय झाल्यानंतर काही ठिकाणी निरपराध मुसलमान घरांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने तो नोंदविला आहे. तो पाईकपणा नव्हे. संकट टळल्यावर म्यानात न जाणारी तलवार कोणाचीही असो, ती रझाकाराचीच.

तात्पर्य, शस्त्राचा धर्म ते कोणासाठी उचलले यावर ठरतो. पाईकाचा धनी कोण, हा खरा प्रश्न. निजामाच्या काळी धनी निजाम होता. परमवीर चक्र मिळविणारे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर हे आधी त्याच हैदराबाद संस्थानाच्या फौजेत होते. संस्थान विलीन झाले, ते भारतीय सैन्याच्या पूना हॉर्स रणगाडा-पलटणीत आले, आणि १६ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानशी लढताना चाविंड्याच्या बाजूला त्यांनी देह ठेवला. माणूस तोच, शौर्य तेच. धनी बदलला होता. आता धनी म्हणजे कोणी राजा नव्हता. धनी होते आपण सगळे. २६ जानेवारी १९५० पासून या देशात राज्य लोकांचे आहे, म्हणजे जवळा बाजारच्या मोंढ्यात हळद-कापूस घेऊन आलेला शेतकरी हाही त्या शिपायाचा धनी आहे, आणि पंढरीच्या वाटेवरची म्हातारी हीसुद्धा.

येथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. सीमेवरच्या शिपायाने गोळी झाडली, तर ती त्याच्या घरच्या भांडणासाठी नव्हे. समोरच्याचे नावही त्याला ठाऊक नसते. ती आपल्या नावाने झाडलेली असते. मग तिचे जे पाप असेल ते एकट्या त्या पोराच्या खात्यावर कसे जाईल? आपण घरी बसून हरिपाठ म्हणावा, हात स्वच्छ ठेवावेत, आणि ज्याने आपल्यासाठी हात मळविले त्याच्याकडे बोट दाखवून त्याला हिंसक म्हणावे, ही अहिंसा नव्हे. ही हिशेबातली लबाडी आहे. त्या आईला आमचे उत्तर हेच की, माय, पोर गेले तर त्याच्या मनात द्वेष नसावा, आणि त्याच्या हातून जे घडेल त्याचा वाटा आम्ही साऱ्यांनी उचलावा. एकट्या तुझ्या पोराने नव्हे.

वाटा उचलावयाचा म्हणजे काय करावयाचे? जयघोष करून तो उचलला जात नाही. येथे दुसरा प्रश्न सुरू होतो.

कोणी शहाणा म्हणेल, "सैनिकाचा धर्म निष्काम. गीतेतच फळाची आशा सोडा म्हटले आहे. मग पेन्शनीची, सवलतींची कटकट कशाला? देशसेवेची किंमत मागायची असते का?" बोलणे गोड आहे, म्हणूनच ते घातक. आपल्या संप्रदायात कीर्तनाचा मोबदला घेऊ नये अशी जुनी शिकवण आहे. समजा एखाद्या गावाने रात्रभर कीर्तन ऐकले, आणि सकाळी बुवांना उपाशी वाटेला लावले, वर सांगितले की बुवा निष्काम आहेत. या गावाने नियम पाळला काय? त्याने नियमाच्या आड आपली कंजूषी लपविली. निष्कामता ही करणाऱ्याने स्वतःच्या अंगी धरावयाची असते. ज्याला लाभ झाला त्याने ती दुसऱ्यावर लादावयाची नसते. शिपायाने मागू नये, हे त्याचे भूषण. त्याला मागावे लागू नये, हे आपले कर्तव्य. या दोहोंची अदलाबदल झाली की अधर्म सुरू होतो.

म्हणून आमच्या मते माजी सैनिकाला जे द्यावयाचे ते दान नव्हे आणि बक्षीसही नव्हे. ते ऋण आहे. दान देणारा वर असतो, घेणारा खाली. ऋणात देणाऱ्याची मान खाली असते. आणि ऋण वेळेवर फेडावे लागते.

न फेडल्यास काय होते, याची कथा आपल्याच हिंगोलीच्या मातीत आहे. हिंगोली ही एके काळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. कंपनीच्या दाबाखाली उभी राहिलेली ती फौज. अधिकारी इंग्रज, आणि खर्च निजामाच्या माथी. पगाराचे पैसे थकत गेले, कर्ज चढत गेले, आणि शेवटी १८५३ च्या तहाने त्या खर्चापोटी अख्खे वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. शिपायाचा पगार थकला आणि एक सुभा गेला! ती फौज परक्यांनी लादलेली, तरीही तिचे देणे चुकले नाही. मग जी फौज आपली आहे, तिचे देणे कसे चुकेल?

आता आजचे पाहू. शिपाई अठरा-वीस वर्षांचा असताना भरती होतो. पेन्शनीला पंधरा वर्षे चाकरी लागते. फौजेला तरुण माणसे हवीत म्हणून साधा जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. कचेरीतला कारकून साठीला टेकेपर्यंत पगार खातो. शिपाई घरी येतो तेव्हा पोरे शाळेत असतात, म्हातारी माणसे अंथरुणावर असतात. त्याची पेन्शन म्हणजे म्हातारपणची काठी नव्हे, भर संसाराची भाकरी आहे. त्यात आणखी एक अन्याय होता. एकाच हुद्द्यावर, तितकीच वर्षे चाकरी केलेले दोघे. एक आधी निवृत्त झाला, दुसरा वीस वर्षांनी. मधल्या काळात पगार वाढले म्हणून धाकट्याची पेन्शन जास्त आणि थोरल्याची कमी. हा भेद जावा म्हणून 'एक हुद्दा, एक पेन्शन' ही मागणी कित्येक वर्षे चालली. २०१५ साली म्हातारे सैनिक छातीवर पदके लावून दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले. ५ सप्टेंबर २०१५ ला सरकारने योजना जाहीर केली आणि ती १ जुलै २०१४ पासून लागू धरली. दर पाच वर्षांनी फेरआढावा ठरला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १६ मार्च २०२२ ला योजना घटनेला धरून आहे असे ठरविले, आणि १ जुलै २०१९ पासूनचा फेरआढावा करून थकबाकी देण्यास सांगितले. ती देण्यातही मुदतीवर मुदती पडल्या, तेव्हा २०२३ मध्ये न्यायालयाने हप्त्यांच्या तारखाच बांधून दिल्या. योजना आली ही चांगली गोष्ट झाली. परंतु ज्याने सीमेवर आपल्यासाठी वाट पाहिली, त्याला उतारवयात आपल्या दारी इतकी वाट पाहावी लागली, ही गोष्ट धन्याला शोभली काय? धनी आपणच आहोत, हे विसरू नये.

नवा प्रश्न चार वर्षांच्या चाकरीचा. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वर्षांची मुले अग्निवीर म्हणून घ्यावयाची, चार वर्षांनी शंभरात फार तर पंचवीस कायम ठेवावयाची, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी देऊन घरी पाठवावयाचे. पेन्शन नाही. चाकरीत मरण आले तर ४८ लाखांचा विमा आहे. या योजनेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, फौज तरुण राहील, पेन्शनीचा बोजा हलका होऊन पैसा शस्त्रांसाठी राहील, अधिक मुलांना संधी मिळेल. विरुद्ध बोलणारे म्हणतात, तेविशी-पंचविशीतला जवान पोर हाती एक रक्कम देऊन मोकळा सोडला, पुढे काय? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि राज्यकारभाराचा निवाडा या मासिकाच्या पानावर करावयाचा नाही. परंतु धर्माचा एक निकष आम्ही सांगू शकतो. गोळी चार वर्षांचा शिपाई आणि पंधरा वर्षांचा शिपाई यांत भेद करीत नाही. धोका सारखा, तर ऋणही सारखे. फेडण्याची रीत निराळी असेल, पण रक्कम मोजून दिली म्हणजे संबंध संपला असे कोणी समजू नये. सरकारी ऋण खात्यात जमा होते. गावाचे ऋण गावातच फेडावे लागते. २०२२ च्या अखेरीस भरती झालेल्या पहिल्या मुलांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. पोर परत आले की त्याला "काढून टाकला का रे?" असे विचारणारी जीभ गावात नसावी. शिस्त, कष्ट आणि इमान शिकून आलेल्या मुलाला दुकानात, कारखान्यात, जिनिंगमध्ये, शाळेच्या मैदानावर, सहकारी संस्थेत पहिली जागा मिळावी. हैबतबाबांच्या शिस्तीने पालखी उभी राहिली. या पोरांच्या शिस्तीने एखादे गाव का उभे राहू नये?

ऋण आले की खोटे सावकारही येतात. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन सुरू केली. योग्यच केले. पण आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, मुक्तिसंग्रामाच्या नावावर खोटे दाखले काढून पेन्शन घेतल्याच्या तक्रारी झाल्या, निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग बसला आणि २००५ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. ज्याने लाठी खाल्ली नाही त्याने लाठीचे पैसे खाल्ले. अशा माणसाने सरकारची तिजोरी लुटली म्हणतात; त्याने खऱ्या सैनिकाची पत लुटली, हे जास्त वाईट. एका खोट्यामुळे दहा खऱ्यांना पुरावे घेऊन हिंडावे लागते. कोणाच्या खोट्या दाखल्यावर सही करू नये, हासुद्धा देशरक्षणाचाच एक भाग आहे.

आता गावकऱ्यांनी काय करावे ते थोडक्यात. माजी सैनिकाच्या व सैनिक-विधवेच्या घराची घरपट्टी माफ करण्याची योजना महाराष्ट्रात २०२० पासून आहे. आपल्या गावात ती कोणाला मिळावयाची राहिली असेल, तर ग्रामसभेत तिने विचारण्याची वाट पाहू नये, आपण विचारावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद न्यावयाचे असतील तर गावातल्या शिकलेल्या पोराने बरोबर जावे. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळतात. त्या दिवशी मिळणारा लहानसा झेंडा छातीला लावताना डब्यात टाकलेला पैसा म्हणजे भीक नव्हे, हप्ता आहे, हे पोरांना सांगावे. शहीद जवानाच्या पत्नीला मांडवात पुढे बसवावे. शुभकार्यात तिचे हळदीकुंकू टाळणाऱ्यांनी भारतमातेचा जयजयकार केला काय आणि न केला काय, सारखेच. आणि शेवटची गोष्ट: पारावर बसून, चहा पीत, "एकदा होऊनच जाऊ द्या युद्ध" असे म्हणू नये. ज्याचे पोर सीमेवर आहे तो असे कधी म्हणत नाही. युद्ध टळावे म्हणून पांडुरंगाला रोज विनवावे, आणि टळलेच नाही तर त्याचे ओझे वाटून घ्यावे. वारकऱ्याला शोभणारी देशभक्ती ती हीच.

तर भाविकहो, माळेने बंदूक बाटत नाही, आणि बंदुकीने माळ तुटत नाही. दोन्हींचा धर्म सांभाळणारा माणूस हवा. असा माणूस आपल्या गावातून गेला, तर जाताना त्याच्यामागे आपण सारे उभे असावे, आणि आला, तर त्याच्यासमोर. पंढरीच्या वाटेवर पाईक पाईकाला भेटला की दोघेही एकमेकांच्या पायांना हात लावतात, कोण थोर आणि कोण लहान ते कोणी विचारीत नाही. सीमेवरून आलेल्या पाईकाला गावाने असेच भेटावे. रामकृष्णहरी.